‘सोडा’ म्हणून सुटत नाही

(नाशिक येथे महिला सल्ला केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा हा मजकूर. केसेसमधले ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)



समुपदेशनाच्या नव्या तंत्रांबद्दल बोला, असं तुम्ही मला सांगितलंत. मी एकाच पद्धतीबद्दल बोलणार आहे, आणि तीही काही नवी नाही, चाळीस वर्षांची आहे. पण सुरुवात माझ्या एका फसलेल्या केसपासून करते. कारण त्या केसशिवाय मला या पद्धतीची गरजच कळली नसती.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचं केंद्र तेव्हा आठवड्यातून दोन दिवस, एका समाजमंदिराच्या खोलीत चालायचं. सातपूरकडच्या वस्तीतून एक बाई आली. तिला आपण शोभा म्हणू. नवरा कारखान्यात कंत्राटी कामगार. ती हंगामात दिंडोरीकडे द्राक्षाच्या पॅकिंगला जायची, एरवी धुणीभांडी करायची. दोन मुलं. नवरा पितो, पगार घरात येत नाही, बोललं की मारतो. आणि हे सगळं सांगून झाल्यावर शेवटी, ‘ताई, माणूस वाईट नाही हो, दारू वाईट आहे.’ हे वाक्य तुमच्यापैकी प्रत्येकीने ऐकलेलं आहे.

आम्ही नवऱ्याला पत्र पाठवलं. तो आला. आमचं बोलणं साधारण असं झालं.

‘किती पिता?’

‘कधीमधी.’

‘कधीमधी? मग बायको काय खोटं सांगते?’

‘ती तर सांगणारच. तुमच्याकडे आली म्हटल्यावर.’

‘मुलांची फी भरलेली नाही. लाज वाटत नाही का?’

‘भरणार आहे ना. पगार झाला की भरतो.’

‘दारूने लिव्हर खराब होतं, माहीत आहे?’

‘माझा बाप सत्तर वर्षं जगला. रोज प्यायचा.’

‘ते काही नाही. आजपासून सोडायची.’

‘बरं, सोडतो.’

कागदावर हमी लिहून घेतली, सही घेतली. रजिस्टरमध्ये मी लिहिलं, ‘नवऱ्यास समज दिली. लेखी हमी घेतली.’ त्या संध्याकाळी मला फार बरं वाटलं. कसा गप्प केला, असं वाटलं.

शोभा पुन्हा आली नाही. तीन-चार महिन्यांनी तिची शेजारीण बाजारात भेटली. त्याच रात्री तो पिऊन घरी आला होता. ‘मला परक्या बायकांपुढे नाक घासायला लावलंस,’ म्हणत त्याने तिला मारलं होतं. तिने केंद्रात येणं का सोडलं, हे मला तेव्हा कळलं. आमच्या रजिस्टरात मात्र ती केस ‘निकाली’ होती.

मी त्याला सांगितलेलं एकही वाक्य चूक नव्हतं, हीच अडचणीची गोष्ट आहे. बरोबर बोलून केस फसली. का फसली, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

दोन्हीकडे ओढलं जाणारं मन

या पद्धतीला इंग्रजीत मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात. मराठीत ‘प्रेरक मुलाखत’ म्हटलं तर नोकरीची मुलाखत डोळ्यांसमोर येते. म्हणून आपण ‘प्रेरक संवाद’ म्हणू. विल्यम मिलर हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ. दारूचा प्रश्न असलेल्या लोकांबरोबर ते काम करत. १९८२ साली ते नॉर्वेतल्या बर्गेनजवळच्या एका व्यसनमुक्ती दवाखान्यात काही महिने होते. तिथले तरुण मानसशास्त्रज्ञ त्यांना म्हणाले, तुम्ही रुग्णाशी कसं बोलता ते आमच्यापुढे करून दाखवा. दाखवताना ते त्यांना मध्येच थांबवायचे आणि विचारायचे, हाच प्रश्न का विचारलात? या बोलण्यातलं हेच वाक्य का उचललंत, दुसरं का सोडलंत? त्या उत्तरांमधून मिलर यांना आपल्याच कामाची रीत सापडली. १९८३ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला, आणि १९९१ मध्ये स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर पुस्तक लिहिलं.

त्यांच्या म्हणण्याचा गाभा साधा आहे. दारू पिणाऱ्या माणसाला दारूचे तोटे माहीत नसतात, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. त्याला ते आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात, कारण भोगतो तोच. त्याच्या मनाचा एक भाग म्हणत असतो, हे थांबलं पाहिजे. दुसरा म्हणतो, थांबवून जगू कसं? आपल्याकडे म्हण आहे ना, धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. अशा माणसासमोर आपण ‘सोडा, सोडा’ असा एकच सूर लावला, की सोडण्याची बाजू आपण घेऊन टाकतो. त्याच्याकडे उरते ती दुसरी. मग तो वकिलासारखा तीच लढवतो. मी फी काढली, त्याने पगार काढला. मी लिव्हर काढलं, त्याने बाप काढला. अर्धा तास मी त्याला दारूच्या बाजूने बोलायचा सराव दिला! आणि माणसाला दुसऱ्याचं ऐकून पटतं त्यापेक्षा स्वतःच्या तोंडून निघालेलं जास्त पटतं.

हे नुसतं मत नाही. मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दारूचा त्रास असलेल्या लोकांशी समुपदेशक कसे बोलतात, याची त्यात नोंद ठेवली होती. समुपदेशकाने जितकी जास्त खरडपट्टी काढली, तितकी त्या माणसाची दारू वर्षभरानंतर जास्त असल्याचं दिसलं.

समोरच्याचं चुकतंय असं दिसलं की ते ताबडतोब सरळ करावं, अशी आपल्याला ऊर्मी येते. मी तिला ‘दुरुस्तीची घाई’ म्हणते. आपण कार्यकर्त्या आहोत, अन्याय दिसला की उसळतो, तो आपला गुणच आहे. पण खुर्चीत बसून समुपदेशन करताना ही घाई आड येते.

मग करायचं काय?

चार गोष्टी. एक, ‘हो-नाही’त उत्तर संपेल असे प्रश्न कमी, आणि ज्याने माणूस बोलता होईल असे जास्त. ‘रोज पिता का?’ याऐवजी ‘दिवसभरात दारूची आठवण केव्हा होते?’ दोन, त्याने खरोखर काही केलं असेल तर त्याची दखल घ्यायची. कौतुक नव्हे, खोटी स्तुती तर नव्हेच. तीन, त्याच्या बोलण्याचा अर्थ आपल्या शब्दांत त्याला परत द्यायचा. आणि चार, मध्ये मध्ये सगळं गोळा करून एकत्र त्याच्यापुढे ठेवायचं.

यातली तिसरी सगळ्यात अवघड. त्यात प्रश्न विचारायचा नसतो, साधं विधान करायचं असतं, आणि मग गप्प बसायचं असतं. आपल्याला गप्प बसवत नाही.

नंतरच्या काळातली एक केस सांगते. नवरा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, पत्र मिळालं म्हणून आलेला. चेहऱ्यावर राग.

मी म्हटलं, ‘भाऊ, आज कामाचा खाडा करून यावं लागलं तुम्हाला.’

‘हो ना. हजेरी बुडाली.’

‘बायकोने तिचं सांगितलं, ते तिचं. तुमचं तुमच्याकडून ऐकायचं आहे. दारू तुमच्या दिवसात कुठे येते?’

तो जरा थांबला. ‘सेकंड शिफ्ट सुटली की अंग ठणकतं. थोडी घेतली की झोप लागते.’

‘अंगाला आराम पडतो.’

‘पडतो. म्हणजे पडायचा. आता क्वार्टरवर भागत नाही.’

‘पहिल्यापेक्षा जास्त लागते.’

‘लागते. पैसा जातो, आणि सकाळी उठवत नाही. मागच्या महिन्यात दोनदा गेटवरून परत पाठवलं.’

मी गप्प. तोच पुढे म्हणाला, ‘पोरगी सातवीत आहे. परवा शाळेपाशी मला बघितलं आणि मैत्रिणींबरोबर दुसऱ्या रस्त्याने गेली.’

‘ते मनाला लागलं.’

‘लागणारच ना, ताई. बाप आहे मी तिचा.’

इथे माझ्या जिभेवर आलं होतं, ‘मग सोडा की!’ ते मी गिळलं. त्याऐवजी म्हटलं, ‘म्हणजे एकीकडे अंग दुखतं, झोप येत नाही, त्याला दारूचा आधार वाटतो. दुसरीकडे ती आता पुरत नाही, कामावरून परत यावं लागतं, आणि पोरीने रस्ता बदलला ते विसरता येत नाही. बरोबर सांगतेय का मी?’

‘बरोबर.’

‘मग पुढे काय करावंसं वाटतं?’

‘कमी तर करायलाच पाहिजे.’

हे वाक्य त्याचं होतं, माझं नव्हतं. ‘करायला पाहिजे’, ‘करावंसं वाटतं’, ‘जमेल बहुतेक’, ‘एकदा आठ दिवस बंद केली होती’, अशा वाक्यांवर कान ठेवायचा. ही बदलाची बोली. ती ऐकू आली की तिथेच थांबायचं, तिच्याबद्दलच आणखी विचारायचं. ‘ते आठ दिवस कसे जमवलेत?’ हा प्रश्न हजार उपदेशांना भारी आहे.

आणखी एक युक्ती. मिलर-रोलनिकच्या पद्धतीत शून्य ते दहाची पट्टी वापरतात. आपल्या वस्त्यांत मला आणे सोपे पडले. ‘दारू कमी करायला हवी, हे सोळा आण्यांपैकी किती आणे पटलंय?’ कुणी म्हणतो, पाच आणे. आपली जीभ लगेच वळवळते, ‘पाचच का?’ हा प्रश्न चुकीचा. कारण त्याच्या उत्तरात तो दारूची बाजू मांडणार. विचारायचं, ‘पाच तरी का? दोन का नाही?’ मग तो सोडण्याची कारणं आपल्या तोंडाने सांगतो. प्रश्न तेवढाच, फक्त उलटा केला.

एक सावधगिरी मात्र कधी विसरू नका. रोज भरपूर पिणारा माणूस एकदम बंद करतो तेव्हा हात थरथरणं, घाम, झोप उडणं, भास होणं, फिट येणं असे प्रकार होऊ शकतात. काहींच्या ते जिवावर बेततं. सकाळी उठल्या उठल्या प्यावी लागत असेल, तर आधी डॉक्टर, जिल्हा रुग्णालय. आपल्या केंद्रात बसून ‘उद्यापासून बंद’ अशी शपथ त्याला घालायची नाही. आणि ‘न कळत दारू सोडवा’ अशा जाहिराती वाचून बायका जेवणात पुड्या मिसळतात. त्यात काय असतं कुणाला माहीत नसतं. पोटात औषध असताना वरून दारू घेतली तर काही औषधांनी जिवाला धोका होतो. बायकांना हे स्पष्ट सांगा.

गोव्याचा आकडा

आता तुम्ही विचाराल, आम्ही काही मानसशास्त्रज्ञ नाही, आम्हाला हे जमेल का? याचं उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यातून मिळालं आहे. तिथल्या ‘संगत’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. तो २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. समुपदेशक होते साधे स्थानिक लोक. मानसिक आरोग्याचं कसलंही आधीचं शिक्षण नसलेले, पण या कामासाठी नीट तयार केलेले. त्यांच्या बोलण्याचा पाया हीच प्रेरक संवादाची रीत. अर्ध्या-पाऊण तासाच्या जास्तीत जास्त चार भेटी. ३७७ पुरुष होते. दारू त्यांना अपायकारक ठरत होती, पण पुरते तिच्या ताब्यात गेलेले नव्हते. तीन महिन्यांनी पाहिलं, तेव्हा पिणं धोक्याच्या रेषेखाली आलेल्यांचं प्रमाण समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के होतं आणि न मिळालेल्यांत २६ टक्के. आधीचे चौदा दिवस अजिबात न प्यायलेले पहिल्या गटात ४२ टक्के, दुसऱ्यात १८ टक्के.

म्हणजे जमतं. आपल्यासारख्यांना जमतं.

पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट मोजली होती, आणि ती आपल्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. जोडीदारावरची हिंसा. त्यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

हे पुन्हा एकदा नीट ऐका. दारू सुटली, पण म्हणून हात थांबला असं दिसलं नाही.

शोभा म्हणाली होती, माणूस वाईट नाही, दारू वाईट आहे. आपणही नकळत तेच धरून चालतो. दारू सुटली की घर सुधारेल, असं म्हणून दारूवर समेट करून टाकतो. स्त्री-चळवळ किती वर्षं सांगत आली आहे की मारण्याचं मूळ दारूत नाही, बायकोवर आपला हक्क आहे या समजुतीत आहे. दारू ती समजूत निर्माण करत नाही. फार तर तिला मोकळं सोडते. नशेत असलेला माणूससुद्धा सुपरवायझरच्या कानाखाली मारत नाही. मारतो घरी येऊन.

म्हणून माझ्या बोलण्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा, की एकाच माणसाशी आपल्याला दोन गोष्टी दोन रीतींनी बोलायच्या आहेत.

दारूबद्दल आपण त्याला विचारू शकतो, दारूने तुम्हाला काय मिळतं आणि काय जातं? पण ‘बायकोला मारल्याने तुम्हाला काय मिळतं आणि काय जातं?’ असं तराजूत घालून विचारायचं नाही. तो तराजूचा विषयच नाही. कायदाही आपल्या बाजूने आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. न्यायदंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देतात तेव्हा ते कसं करायचं, हे त्याच्या नियमांत चौदाव्या क्रमांकावर दिलं आहे. समुपदेशनाचा हेतू काय, तर हिंसा पुन्हा होणार नाही याची हमी मिळवणं. आणि केलेल्या हिंसेचं समर्थन प्रतिवादीला समुपदेशनात करता येणार नाही, हे त्याला आधीच सांगायचं आहे. आपल्या केंद्रात न्यायालयाच्या आदेशाविना आलेल्या केसेसनाही हीच शिस्त लावायला काय हरकत आहे?

अंबडच्या त्या माणसाशी दारूचं बोलणं झाल्यावर मी म्हटलं, ‘भाऊ, आता दुसरी गोष्ट. हात उचलण्याची.’

‘ते नशेत होतं, ताई.’

‘नशेचं आपण वेगळं बोललो. मारणं आजपासून बंद. प्यायलात तरी बंद, नाही प्यायलात तरी बंद. यावर चर्चा नाही. तिने पोलिसांत जायचं ठरवलं तर केंद्र तिच्याबरोबर जाईल, हेही आत्ताच सांगून ठेवते. बोलायचं असेल तर ते इतकंच, की राग चढला की घराबाहेर कसं पडणार, कुठे जाणार.’

आवाज चढवला नाही, अपमान केला नाही. पण दारही किलकिलं ठेवलं नाही. आदर आणि ठामपणा एकत्र राहू शकतात, हे मला या पद्धतीने शिकवलं. पूर्वी मी ठाम व्हायचं म्हणजे ओरडायची, आणि त्याचा हिशेब घरी गेल्यावर बाईला चुकवावा लागायचा.

त्यासाठी आणखी एक नियम. नवऱ्याला बोलावण्याआधी बाईला विचारायचं, त्याला बोलावलं तर घरी काय होईल? रात्री कुठे जाता येईल? कुणाचा फोन पाठ आहे? कागदपत्रं कुठे आहेत? तिने ‘नको’ म्हटलं तर नको. आणि दोघांना एकत्र बसवण्याची घाई नको. कायद्याच्या चौदाव्या कलमातही समुपदेशन एकेकट्याने किंवा दोघांना मिळून, असं आहे. नवऱ्याशेजारी बसून बाई खरं बोलेल, असं आपण कसं धरतो?

आणि बाईशी बोलताना?

आता जरा आपल्याबद्दल. ‘ही तिसऱ्यांदा परत गेली’, ‘हिलाच नको असेल तर आपण काय करणार’, ही वाक्यं आपल्या बैठकांत होतात. मीही बोललेली आहे. नवऱ्याबद्दलची दुरुस्तीची घाई आपण बाईवरही काढतो. फरक इतकाच, की आपल्यातल्या एकीला वाटतं तिने घर सोडावं आणि दुसरीला वाटतं तिने जुळवून घ्यावं. दोघीही तिला ढकलतातच.

तिचं मनही दोन्हीकडे ओढलेलं असतं. मुलांची शाळा, भाड्याची खोली, माहेरची वहिनी, नवऱ्याचे कधीतरीचे चांगले दिवस, रात्रीची भीती, हे सगळं एकाच डोक्यात असतं. ती दुबळी आहे म्हणून परत जात नाही. ती हिशेब करून परत जाते, आणि तो हिशेब आपल्यापेक्षा तिला चांगला येतो. ‘इतका त्रास आहे तर राहतेस कशाला?’ असं विचारलं, की ती राहण्याची कारणं सांगते. मग आपण चिडतो. पण तसं बोलायला भाग पाडलं आपणच.

तिच्याशी बोलताना ही पद्धत वापरा, पण कशासाठी ते नीट समजून वापरा. नवऱ्याच्या दारूबाबत आपल्याला दिशा ठाऊक असते, पिणं कमी व्हावं. राहायचं की निघायचं, हा तिचा निर्णय. तिथे आपण दिशा धरायची नाही. ऐकायचं, तिचं तिला परत द्यायचं, आणि माहिती द्यायची असेल तर आधी विचारायचं. ‘पोटगीबद्दल, घरात राहण्याच्या हक्काबद्दल कायदा काय म्हणतो, सांगू का?’ सांगून झालं की, ‘यातलं तुला काय उपयोगाचं वाटतं?’ तटस्थ राहायचं ते तिच्या निर्णयाबाबत, हिंसेबाबत नव्हे. ‘तुला मारलं हे चूक आहे, आणि त्यात तुझा दोष नाही,’ हे तिला न विचारताच सांगायचं, दर वेळी सांगायचं.

मला या पद्धतीची एक भीती वाटते, तीही बोलून टाकते. गोड आवाजात, प्रश्न विचारत विचारत, बाईला आपल्याला हव्या त्या ‘समेटा’कडे नेता येतं, आणि शेवटी म्हणता येतं, ‘बघा, तिनेच ठरवलं.’ कुटुंब टिकवलं म्हणून पाठ थोपटून घेणारी समुपदेशन केंद्रं आपण पाहिली आहेत. त्यांच्या हातात हे फार धारदार हत्यार होईल. म्हणून दर केसनंतर स्वतःला विचारायचं, आज जे ठरलं ते तिच्या सोयीचं, की माझ्या रजिस्टरच्या?

दुसरी भीती. शिबिरातून परत गेल्यावर काही जणी बाईलाच शिकवायला लागतात, नवऱ्याशी असं बोल म्हणजे तो सोडेल. कृपा करून हे करू नका. आधीच तिला वाटत असतं की आपलंच काहीतरी चुकतं. स्वयंपाक वेळेवर केला, उलटं बोललो नाही, तर तो पिणार नाही. त्याला सुधारण्याचं आणखी एक काम तिच्या डोक्यावर नको. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालवला गेला. असे गट हवेत, पण ते नवऱ्याला सुधारण्याची शाळा म्हणून नव्हे, तर त्या बायकांसाठी म्हणून. शोभासाठी असा गट असता, तर कदाचित ती माझ्यापासून तुटली तरी दुसऱ्या चार जणींच्या ओळखीत राहिली असती.

खुर्ची आणि रस्ता

शेवटी, एक आक्षेप मला ठाऊक आहे. तुम्ही एकेका माणसाचं मन वळवत बसणार, आणि वस्तीच्या तोंडाशी दारूचं दुकान तसंच राहणार. आक्षेप खरा आहे. नाशिकला द्राक्ष आणि वाइनचं शहर म्हणून मिरवतात, पण वस्तीत जाते ती देशी आणि हातभट्टी. शहाद्याला १९७२-७३ च्या सुमारास आदिवासी बायकांनी दारूगुत्त्यांवर जाऊन मडकी फोडली होती. त्यांनी कुणाची समजूत काढत बसण्याची वाट पाहिली नाही. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली ती लोकांच्या आंदोलनातून. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. म्हणजे रस्त्यावरची लढाई एकदा जिंकून संपत नाही.

मला या दोन कामांत भांडण दिसत नाही. दुकान बंद करण्यासाठी मोर्चाच काढायचा, तिथे प्रेरक संवादाचं काम नाही. आबकारी खात्याचं मन दोन्हीकडे ओढलेलं नसतं, ते महसुलाकडेच असतं! पण मोर्चातली घोषणा केंद्रातल्या खुर्चीवर बसून दिली, तर तिची किंमत कुणीतरी बाई रात्री घरी चुकवते. एवढंच मला सांगायचं आहे.

हे भाषण ऐकून येणारं कसब नाही. म्हणून एक विनंती. दर महिन्याच्या बैठकीत अर्धा तास राखून ठेवा. एकीने नवरा व्हायचं, एकीने समुपदेशक, तिसरीने कागदावर खुणा करायच्या. किती प्रश्न विचारले, किती वेळा उपदेश केला, किती वेळा समोरच्याचं बोलणं त्याला परत दिलं. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा दहा मिनिटांत माझे अकरा उपदेश निघाले. सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मला शोभा आठवली.

तिचा पत्ता मी नंतर शोधला. खोली बदलली होती, कुणाला नेमकं ठाऊक नव्हतं. तिची फाईल मी पुन्हा उघडली आणि ‘निकाली’ खोडून ‘संपर्क तुटला’ असं लिहिलं. तुमच्या कपाटांतही अशा फाईली असतील. परत गेल्यावर त्या एकदा काढून बघा. ज्या बाईचा पत्ता अजून सापडतो, तिला आधी गाठा. मात्र नवऱ्याच्या नकळत, तिला अडचण होणार नाही अशा बेताने. आणि या खेपेला पहिला प्रश्न तिला विचारा, ‘तुला आमच्याकडून काय हवं होतं?’